दुसरी स्पर्धा कोणाला मिळते? एफआरसीमधील डिस्ट्रिक्ट आणि रीजनल पात्रता पद्धतींची तुलना

धागाकर्ता

फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन, म्हणजे एफआरसी, या शालेय संघांनी बांधलेल्या रोबोंच्या स्पर्धेत हंगामाअखेरच्या चॅम्पियनशिपपर्यंत जाण्याच्या दोन वाटा आहेत: एक रीजनलची, दुसरी डिस्ट्रिक्टची. आपल्या वाट्याला कोणती वाट येणार हे संघ ठरवत नाही. शाळा ज्या भागात आहे त्या भागाने कोणती पद्धत स्वीकारली आहे, त्यावरून ते ठरते. मी पाच हंगाम रीजनल भागातील एका संघाबरोबर आणि त्यानंतर चार हंगाम डिस्ट्रिक्ट भागातील दुसऱ्या संघाबरोबर मार्गदर्शक म्हणून काम केले आहे. या दोन पद्धतींची तुलना निघाली की बोलणे बहुधा ‘चॅम्पियनशिपला लायक संघ कोणत्या पद्धतीने पोहोचतात’ या एकाच प्रश्नावर येऊन थांबते. मला तो प्रश्न दुय्यम वाटतो. हंगामातील सर्वांत दुबळ्या संघालाही त्याच हंगामात दुसऱ्यांदा मैदानात उतरता येते की नाही, हा प्रश्न माझ्या दृष्टीने पहिला आहे.

नव्या वाचकांसाठी थोडा इतिहास सांगतो. १९९२ साली न्यू हॅम्पशायरमधील मँचेस्टर येथे एका शाळेच्या जिममध्ये २८ संघांनिशी ही स्पर्धा सुरू झाली. संघ वाढत गेले तशा ठिकठिकाणी रीजनल स्पर्धा उभ्या राहिल्या. या पद्धतीत प्रत्येक रीजनल ही स्वयंपूर्ण असे: तीन संघांची विजेती अलायन्स (एकत्र खेळणारा गट) आणि काही प्रमुख पुरस्कारांचे मानकरी थेट चॅम्पियनशिपला जात आणि बाकीच्यांचा हंगाम बहुधा तिथेच संपे. विजेत्यांपैकी एखादा संघ आधीच पात्र ठरलेला असेल तर ‘वाइल्डकार्ड’ म्हणून ती जागा उपविजेत्यांकडे जाई.

मिशिगनने २००९ साली वेगळी वाट धरली. वाहन उद्योग मोठ्या आर्थिक संकटात होता, संघांचे प्रायोजक हात आखडते घेत होते आणि मोठ्या सभागृहातील महागड्या स्पर्धेऐवजी शाळांच्या जिममध्ये लहान लहान स्पर्धा भरवून त्याच नोंदणी शुल्कात प्रत्येक संघाला दोनदा खेळू द्यावे, असा विचार पुढे आला. २०१२ मध्ये मिड-अटलांटिक भागाने, २०१४ मध्ये न्यू इंग्लंड आणि पॅसिफिक नॉर्थवेस्टने, २०१५ मध्ये इंडियानाने, २०१६ मध्ये जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलायना आणि चेसापीकने, २०१७ मध्ये ऑन्टारियो आणि इस्राएलने आणि २०१९ मध्ये टेक्सासने हीच वाट स्वीकारली.

डिस्ट्रिक्टमध्ये संघ आपल्या पहिल्या दोन स्पर्धांत गुण कमावतो. त्या गुणांच्या क्रमवारीतून डिस्ट्रिक्ट चॅम्पियनशिपसाठी निवड होते, तिथले गुण तिप्पट धरले जातात आणि सर्वांची बेरीज करून, त्या डिस्ट्रिक्टच्या वाट्याला आलेल्या जागांइतके संघ जागतिक चॅम्पियनशिपला जातात. या जागा साधारणपणे डिस्ट्रिक्टमधील संघांच्या संख्येच्या प्रमाणात मिळतात.

आता माझ्या मूळ मुद्द्याकडे येतो. साठ संघांच्या रीजनलमध्ये आठ अलायन्समध्ये मिळून २४ संघ बाद फेरीत खेळतात आणि ३६ संघ दुपारी प्रेक्षकांत जाऊन बसतात. छत्तीस संघांच्या डिस्ट्रिक्ट स्पर्धेतही २४ संघच निवडले जातात, पण मागे राहणारे केवळ १२ असतात. रीजनलमध्ये पात्रता फेरीचे आठ ते दहा सामने मिळतात. डिस्ट्रिक्टच्या प्रत्येक स्पर्धेत बारा, म्हणजे दोन स्पर्धांत चोवीस. सहा-सात आठवडे रात्री जागून रोबो बांधणाऱ्या मुलांच्या दृष्टीने आठ आणि चोवीस यांतील अंतर फार मोठे आहे, विशेषतः पहिल्या तीन सामन्यांत रोबो बंद पडला असेल तेव्हा.

दोन्ही बाजूंचा अनुभव असलेल्यांनी आपले म्हणणे सविस्तर मांडावे, ही विनंती.

प्रतिसाद १: रीजनल भागातील मार्गदर्शक

धागाकर्त्यांनी विषय नेमका मांडला आहे, पण रीजनलचे त्यांनी केलेले वर्णन आता जुने झाले आहे. २०२५ च्या हंगामापासून रीजनल संघांसाठीही बहुतांशी डिस्ट्रिक्टच्याच धर्तीची गुणपद्धती आली. काही जागा त्या त्या स्पर्धेतून थेट मिळतात आणि उरलेल्या जागा सर्व रीजनल संघांच्या एका सामायिक गुणतक्त्यातून आठवड्यामागून आठवडा भरल्या जातात. सातत्याने उपविजेता ठरणारा संघ घरी राहतो आणि एकदाच नशिबाने जिंकणारा संघ पुढे जातो, ही जुनी तक्रार त्यामुळे बरीच निवली आहे.

दुसरे असे की रीजनल ही निव्वळ मागे पडलेली पद्धत आहे, असा सूर मला मान्य नाही. डिस्ट्रिक्ट चालवण्यासाठी एका आटोपशीर भूभागात पुरेसे संघ लागतात. ज्या देशात किंवा राज्यात थोडेच संघ आहेत आणि तेही एकमेकांपासून शेकडो किलोमीटर दूर आहेत, तिथे प्रत्येकी छत्तीस संघांच्या अनेक स्पर्धा भरवणे शक्यच नाही. तुर्कस्तान, मेक्सिको, ऑस्ट्रेलिया, ब्राझील येथील संघ या स्पर्धेत येऊ शकले ते रीजनलची दारे सर्वांसाठी उघडी असल्यामुळे. आमच्या संघातील मुलांनी आपल्या रांगेतल्या शेजारच्या पिटमध्ये (रोबो दुरुस्तीच्या जागेत) दुसऱ्या खंडातील मुले पाहिली, त्यांच्याकडून गिअरबॉक्सची एक वेगळी रचना शिकली आणि पुढच्या हंगामात ती वापरली. डिस्ट्रिक्टमध्ये तेच चाळीस-पन्नास चेहरे पुन्हा पुन्हा भेटतात. ओळख घट्ट होते हे खरे, पण क्षितिज लहान होते.

आणि मोठ्या सभागृहाचा परिणाम कमी लेखू नये. हजारो प्रेक्षकांसमोर, दिव्यांच्या झोतात आपला रोबो चालताना पाहून आयुष्याची दिशा ठरवलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत.

प्रतिसाद २: धागाकर्ता

२०२५ च्या बदलाचा उल्लेख मी करायला हवा होता. ती त्रुटी मान्य करतो. मात्र त्या बदलाने माझा मुद्दा अधिकच स्पष्ट होतो. गुणतक्ता आल्याने मोजमाप एकसारखे झाले, पण ज्या संघाकडे एकाच रीजनलचे पैसे आहेत त्याला त्यामुळे दुसरी रीजनल मिळाली नाही. मोजण्याची पद्धत बदलली तरी खेळण्याची संधी तेवढीच राहिली. सधन संघ आधीही दोन-तीन रीजनल खेळत होते आणि आताही खेळतात.

संघांची विरळ वस्ती असलेल्या भागांविषयीचे तुमचे म्हणणे मात्र पूर्णपणे पटते. तिथे डिस्ट्रिक्टचा आग्रह धरणे अन्यायाचे होईल.

प्रतिसाद ३: स्वयंसेवक, दोन्ही पद्धतींत पंच म्हणून काम

या चर्चेत नेहमी सुटून जाणारी एक बाजू मांडतो. मैदानावरच्या प्रत्येक सामन्यामागे पंच, रोबोची तपासणी करणारे, मैदानाची तांत्रिक व्यवस्था सांभाळणारे, सामन्यानंतर मैदान पूर्ववत लावणारे, संघांना रांगेत आणणारे, परीक्षक आणि सुरक्षा पाहणारे असे अनेक लोक असतात आणि जवळजवळ सगळे विनामोबदला काम करतात. साठ संघांची एक रीजनल बंद करून त्याच संघांना प्रत्येकी दोन स्पर्धा द्यायच्या ठरवल्या तर १२० जागा लागतात, म्हणजे छत्तीस-चाळीस संघांच्या किमान तीन स्पर्धा आणि शिवाय डिस्ट्रिक्ट चॅम्पियनशिप. एका शनिवार-रविवारी लागणारा स्वयंसेवकांचा ताफा आता चार शनिवार-रविवारी उभा करावा लागतो. माणसे मात्र तीच असतात.

त्यातही पदांनुसार फरक पडतो. मैदान लावायला शाळेतील पालक सहज मिळतात. मुख्य पंच आणि मैदानाचा तांत्रिक सल्लागार ही प्रशिक्षणाची आणि अनुभवाची कामे आहेत; अशी माणसे एका राज्यात मोजकीच असतात आणि मार्चमधील प्रत्येक शनिवारी त्यांनाच बोलावले जाते. मी एका हंगामात सलग पाच आठवडे मैदानावर उभा होतो आणि पाचव्या आठवड्यात एका सामन्याचा निर्णय देताना माझ्याकडून नियमाचा चुकीचा अर्थ लावला गेला. मुख्य पंचांनी तो वेळीच सुधारला, पण त्या दोन मिनिटांत समोर रडवेल्या चेहऱ्याने उभी असलेली ड्राइव्ह टीम (रोबो चालवणारी मुले) मला अजून आठवते. त्यामुळे कोणत्याही भागाने डिस्ट्रिक्टकडे वळण्यापूर्वी आपल्याकडे प्रशिक्षित पंच आणि तांत्रिक सल्लागार किती आहेत हे आधी मोजावे, असे मी कळकळीने सांगेन. मैदानाचे सुटे भाग ट्रकने पोहोचवणे त्यामानाने सोपे आहे.

इतके सांगूनही माझा कौल डिस्ट्रिक्टलाच आहे. मोठ्या रीजनलमध्ये सामने संपवण्याची घाई असते आणि बिघडलेल्या रोबोसाठी कोणी थांबू शकत नाही. लहान स्पर्धेत तपासणी करणाऱ्याला एखाद्या नवख्या संघापाशी अर्धा तास बसून त्यांची तारजोडणी नीट करून देता येते. मी हे दोन्हीकडे पाहिले आहे.

प्रतिसाद ४: माजी विद्यार्थिनी, ड्राइव्ह टीममध्ये तीन वर्षे

मी मैदानावरून पाहिलेले सांगते. आमचा संघ डिस्ट्रिक्ट भागातला होता आणि त्या काळी ठरावीक दिवशी रोबो पिशवीत बंद करून तिला सील लावण्याचा नियम होता. डिस्ट्रिक्टच्या संघांना प्रत्येक स्पर्धेआधी पिशवी उघडून सहा तास काम करण्याची सवलत असे, कारण आमच्या स्पर्धा दोनच दिवसांच्या असत. २०२० च्या हंगामापासून पिशवीचा नियमच गेला, त्यामुळे आताच्या मुलांना त्या सहा तासांचे मोल कदाचित सांगूनही कळणार नाही.

पहिल्या स्पर्धेत आमची उचलयंत्रणा बारापैकी सात सामन्यांत अडकली. आम्हाला कोणीही निवडले नाही. बसमधून परत येताना आमच्या यंत्रणा गटाच्या प्रमुखाने वहीत अडकण्याच्या प्रत्येक प्रसंगाची नोंद लिहून काढली: कोणत्या उंचीवर, कोणत्या वेगाला, साखळी कोणत्या बाजूने सैल. दोन आठवडे आम्ही सराव रोबोवर तेच सात प्रसंग मुद्दाम घडवून पाहिले आणि दोष साखळीत नसून तिला ताण देणारी पट्टी वाकत होती, हे सापडले. पुढच्या सहा तासांत ती पट्टी बदलली. दुसऱ्या स्पर्धेत यंत्रणा एकदाच अडकली आणि आम्ही चौथ्या अलायन्समध्ये पहिल्या फेरीत निवडलो गेलो.

आज मी अभियंता आहे. दोष शोधण्याची जी शिस्त मी कामावर पाळते ती त्या दोन आठवड्यांत शिकले. हंगाम एकाच स्पर्धेवर संपला असता तर ती वही घरी येऊन कपाटात गेली असती.

प्रतिसाद ५: पालक, पहिल्या वर्षाचा संघ

आमच्या शाळेचा संघ यंदाच सुरू झाला आहे आणि आम्ही डिस्ट्रिक्ट भागात आहोत. मला एवढेच विचारायचे आहे की खर्चाच्या दृष्टीने या दोन पद्धतींत नेमका किती फरक पडतो? शाळेकडे निधी मागताना काय सांगावे ते कळत नाही.

प्रतिसाद ६: धागाकर्ता

शुल्क हंगामागणिक बदलते, त्यामुळे चालू आकडा अधिकृत सूचनेतूनच घ्यावा. प्रमाण लक्षात यावे म्हणून मागील दशकातील आकडे देतो. बऱ्याच हंगामांत जुन्या संघासाठी पहिल्या नोंदणीचे शुल्क ५,००० डॉलर होते. रीजनल भागात त्यात एक स्पर्धा मिळे आणि दुसऱ्या रीजनलसाठी आणखी ४,००० डॉलर भरावे लागत. डिस्ट्रिक्ट भागात त्याच ५,००० डॉलरमध्ये दोन स्पर्धा मिळत आणि तिसरी हवी असल्यास १,००० डॉलर पुरत. म्हणजे दोन स्पर्धांचा हिशेब केला तर एकीकडे ९,००० आणि दुसरीकडे ५,००० डॉलर.

शाळेला सांगताना दोन गोष्टी विसरू नका. पहिली, डिस्ट्रिक्ट चॅम्पियनशिपसाठी निवड झाल्यास तिचे काही हजार डॉलरचे वेगळे शुल्क असते आणि ते थोड्या दिवसांत भरावे लागते. निवड झाल्यावर पैशांसाठी धावाधाव करणारे संघ मी पाहिले आहेत. दुसरी, खरी बचत प्रवासात आणि मुक्कामात होते. घरापासून तासाभरावर स्पर्धा असेल तर तीस मुलांच्या हॉटेलचा खर्च वाचतो आणि संघातील सर्व मुलांना नेता येते. रीजनल दूर असली की निवडक मुलेच जातात आणि ज्यांच्या घरी पैसे नाहीत ती मागे राहतात.

प्रतिसाद ७: सामन्यांच्या नोंदी ठेवणारा मार्गदर्शक

गुणपद्धतीबद्दल फार ढोबळ बोलले जाते, म्हणून ती उलगडून मांडतो. पात्रता फेरीतील क्रमांकावरून ४ ते २२ गुण मिळतात. हे गुण सरळ रेषेत उतरत नाहीत. घंटाकार वितरणावर बेतलेल्या सूत्राने ते ठरतात, म्हणून मधल्या क्रमांकांमधील फरक लहान आणि टोकाकडील फरक मोठा असतो. ३६ संघांत पहिल्याला २२, तिसऱ्याला २०, अठराव्याला १३ आणि शेवटच्याला ४ गुण पडतात. अलायन्स निवडीत कर्णधाराला १७ वजा त्याच्या अलायन्सचा क्रमांक इतके आणि निवडलेल्या संघाला १७ वजा त्याचा निवडीतील क्रमांक इतके गुण असतात. बाद फेरीत विजेत्यांना ३०, उपविजेत्यांना साधारण २०, तिसऱ्या स्थानावरील अलायन्सला १३ आणि चौथ्या स्थानावरील अलायन्सला ७. इम्पॅक्ट पुरस्काराला १०, इंजिनिअरिंग इन्स्पिरेशनला ८ आणि इतर बहुतेक परीक्षक पुरस्कारांना ५. पहिल्या वर्षाच्या संघाला एकदाच १० आणि दुसऱ्या वर्षाच्या संघाला ५ गुणांची जोड मिळते.

आता दोन संघ घ्या. पहिला संघ एका स्पर्धेत पंचविसावा आला, पहिल्या अलायन्सने त्याला अगदी शेवटी निवडले आणि ती अलायन्स जिंकली. दुसरा संघ दोन्ही स्पर्धांत तिसरा आला, तिसऱ्या अलायन्सचा कर्णधार झाला आणि दोन्ही वेळा अंतिम फेरीत हरला. जुन्या रीजनल पद्धतीत पहिला संघ चॅम्पियनशिपला गेला असता आणि दुसरा, वाइल्डकार्ड न मिळाल्यास, दोन रुपेरी पदके घेऊन घरी आला असता. डिस्ट्रिक्टच्या हिशेबाने पहिल्याला त्या स्पर्धेचे १० अधिक १ अधिक ३० असे ४१ गुण मिळतात. दुसऱ्याला प्रत्येक स्पर्धेचे २० अधिक १४ अधिक २०, म्हणजे दोन्ही मिळून १०८. कोणता संघ अधिक सक्षम आहे याचे उत्तर हे आकडे बऱ्याच अंशी बरोबर देतात.

पण या पद्धतीत दोन ठिकाणी मला खटकते. दुसऱ्या फेरीतील निवड उलट क्रमाने होत असल्याने आठव्या अलायन्सच्या शेवटच्या संघाला ८ गुण आणि पहिल्या अलायन्सच्या शेवटच्या संघाला १ गुण मिळतो. सूत्राच्या दृष्टीने ते सुसंगत आहे, कारण सोळावा निवडलेला संघ सोळावाच असतो. प्रत्यक्षात मात्र पहिल्या अलायन्सचा जाणता कर्णधार बचावासाठी हवा तो संघ हेरून शेवटपर्यंत राखून ठेवतो, कारण इतरांचे त्याच्याकडे लक्ष नसते. ते कौशल्य बाद फेरी जिंकली तरच गुणांत उतरते.

दुसरी गोष्ट तिपटीची. एका डिस्ट्रिक्ट स्पर्धेत, इम्पॅक्ट पुरस्कार धरून, जास्तीत जास्त ७८ गुण मिळू शकतात, म्हणजे दोन स्पर्धांचे १५६. डिस्ट्रिक्ट चॅम्पियनशिपचे तिप्पट केल्यावर तेच २३४ होतात. ‘संपूर्ण हंगामाचे मोजमाप’ असे आपण म्हणतो खरे, पण अखेरच्या तीन-चार दिवसांचे वजन आधीच्या दोन्ही स्पर्धांपेक्षा जास्त आहे. बलाढ्य संघांच्या मैदानातील कामगिरीला अधिक मोल असावे हे मला मान्य आहे. दुपटीने ते साधले असते, असे माझे मत आहे.

सामायिक रीजनल तक्त्यात आणखी एक अडचण येते. पहिल्या क्रमांकाला २२ गुण मिळतात ते तीस संघांतही आणि साठ संघांतही. डिस्ट्रिक्टमध्ये स्पर्धांचे आकार जवळपास सारखे असल्याने हे फारसे जाणवत नाही. रीजनलचे आकार आणि ताकद यांत मोठी तफावत असते, त्यामुळे दूरच्या लहान रीजनलला जाऊन गुण मिळवणे ही प्रवास परवडणाऱ्या संघांना मिळालेली सोय ठरू शकते.

प्रतिसाद ८: रीजनल भागातील मार्गदर्शक

शेवटचा मुद्दा बिनतोड आहे आणि रीजनलच्या बाजूने बोलत असलो तरी तो मी मान्य करतो.

धागाकर्त्यांच्या मूळ प्रश्नावर आणखी विचार केला. दुसरी संधी महत्त्वाची आहे यावर आता माझा वाद उरलेला नाही. ती देण्यासाठी संपूर्ण पद्धत बदलावीच लागते का, एवढाच प्रश्न माझ्यासमोर आहे. मिनेसोटाचे उदाहरण घ्या. तिथे दोनशेच्या आसपास संघ असूनही रीजनल पद्धतच दीर्घकाळ चालत आली. त्या राज्यातील शालेय क्रीडा संघटनेने २०१२ पासून रोबोटिक्सची राज्य स्पर्धा भरवली आणि मुलांना मैदानी खेळांच्या खेळाडूंसारखीच शालेय प्रतिष्ठा मिळवून दिली. रीजनलचा सांगाडा तसाच ठेवून भोवती आणखी काही उभे करता येते, हे त्यातून दिसते. शिवाय उन्हाळ्यात आणि शरद ऋतूत ठिकठिकाणी हंगामाबाहेरच्या स्पर्धा होतात. तिथे शुल्क कमी असते आणि नवी मुले निर्धास्तपणे ड्राइव्ह टीममध्ये उभी राहतात.

प्रतिसाद ९: माजी विद्यार्थिनी

हंगामाबाहेरच्या स्पर्धांविषयी मला आदर आहे, पण त्या दुसऱ्या स्पर्धेची जागा घेऊ शकत नाहीत. शरद ऋतू येईपर्यंत बारावीची मुले कॉलेजला गेलेली असतात. ज्या मुलीने ती वही लिहिली ती आमच्या संघात बारावीला होती. तिची दुरुस्ती मैदानावर चालताना तिने पाहिली, कारण दुसरी स्पर्धा तीन आठवड्यांवर होती.

राज्य स्पर्धेबाबतही तसेच. तिथे निवडक, वरचे संघ जातात. इथे चर्चा तळाच्या संघांची चालली आहे.

प्रतिसाद १०: रीजनल भागातील मार्गदर्शक

हे मी विचारात घेतले नव्हते. बारावीच्या मुलांचा मुद्दा माझ्या संघालाही तंतोतंत लागू होतो. गेल्या वर्षी आमची सहा मुले एकाच रीजनलमध्ये आठ सामने खेळून बाहेर पडली. पुढील हंगामासाठी आमच्या प्रायोजकांशी बोलताना दुसऱ्या रीजनलचे शुल्क सुट्या भागांच्या आधी मागायचे, असे मी आज संघाला सुचवणार आहे.

प्रतिसाद ११: स्वयंसेवक

त्या दुसऱ्या रीजनलला येताना आपल्या संघातील दोन पालकांना तपासणीच्या प्रशिक्षणाला पाठवा. ते हंगामापूर्वी घरबसल्या करता येते. तुमचा भाग कधी डिस्ट्रिक्टकडे वळला तर तीच दोन माणसे पुढे दहा जणांना शिकवतील.

प्रतिसाद १२: पालक, पहिल्या वर्षाचा संघ

आमची पहिली स्पर्धा झाली. छत्तीस संघांत चौतिसावे आलो, कोणी निवडले नाही आणि चार सामन्यांत रोबो जागचा हललाच नाही. मुले फार हिरमुसली आहेत. दुसरी स्पर्धा तीन आठवड्यांनी आहे. या तीन आठवड्यांत नेमके काय करावे?

प्रतिसाद १३: धागाकर्ता

नवी यंत्रणा जोडू नका. जागचा न हललेल्या चारही सामन्यांचे चित्रीकरण आणि ड्रायव्हर स्टेशनवरील (रोबो चालवण्याच्या संगणकावरील) नोंदी समोरासमोर ठेवून पाहा; नवख्या संघांत कारण बहुधा बॅटरीची सैल जोडणी, रेडिओचा वीजपुरवठा किंवा न घट्ट बसवलेली एखादी तार हेच असते. प्रत्येक जोडणी हाताने ओढून पाहा. त्यानंतर उरलेला सगळा वेळ चालकांना सरावासाठी द्या. दुसऱ्या स्पर्धेत पहिल्या दिवशी दुपारी तुमच्या मुलांपैकी एकाने इतर संघांच्या पिटमध्ये जाऊन सांगावे की आमचा रोबो आता प्रत्येक सामन्यात चालतो आहे आणि बचाव करू शकतो. शेवटच्या निवडीसाठी कर्णधार भरवशाचाच संघ शोधत असतात.

प्रतिसाद १४: पालक, पहिल्या वर्षाचा संघ

रेडिओची तार होती. धक्का बसला की सुटत होती.

काल दुसरी स्पर्धा संपली. बाराही सामन्यांत रोबो चालला, चौदावा क्रमांक आला आणि पाचव्या अलायन्सने आम्हाला दुसऱ्या फेरीत निवडले. बाद फेरीत दोन सामने हरून बाहेर पडलो. वर दिलेल्या हिशेबाने पहिल्या स्पर्धेचे ६, पहिल्या वर्षाचे १० आणि दुसऱ्या स्पर्धेचे १४ अधिक ५ असे एकूण ३५ गुण झाले. डिस्ट्रिक्ट चॅम्पियनशिपला ते पुरणार नाहीत हे मुलांना ठाऊक आहे. तरीही आज सुटीच्या दिवशी सकाळी नऊ वाजता अकरा जण शाळेच्या कार्यशाळेत आले होते आणि रेडिओ बसवण्याचा नवा कंस कागदावर काढत होते.

प्रतिसाद १५: सामन्यांच्या नोंदी ठेवणारा मार्गदर्शक

बेरीज बरोबर आहे. कंसाला रबराची गादी द्यायला सांगा आणि तार कंसालाच बांधून घ्या.